शून्य झाडं

शेवटची तारीख आज. रात्री बारापर्यंत.
सान सिरिलोत रेंज मिळते ती फक्त धक्क्याच्या टोकाला,
तुमाकोहून आलेल्या डिझेलच्या पिंपावर उभं राहिलं तर.
म्हणून युर्लेदिस पिंपावर उभी आहे
आणि खाली, फळ्यांवर पाय सोडून, अख्खं मंडळ:
अकरा बाया, मांड्यांपर्यंत वाळत आलेला चिखल,
डासांसाठी पेटवलेला नारळाचा काथ्या.

ती मोठ्यानं वाचते.
संस्थेची स्थापना?
'ज्या साली नदीतून तेल वाहत आलं,' एउफ्रोसिना म्हणते.
'सालाचा आकडा हवाय, मावशी.'
'तेलाला विचार.'

अनुभव, वर्षांमध्ये?
दोन्या दिग्ना हात पुढे करते. नखं जवळजवळ नाहीतच,
मधल्या बोटावर काटेरी माशाच्या डंखाची जुनी गाठ.
सात वर्षांची होती, तेव्हा पहिल्यांदा
खारफुटीच्या मुळांखाली हात घातला, पार खांद्यापर्यंत,
न बघता, बोटांनीच विचारत:
आहेस का?
काळा, जाड पाठीचा शिंपला. पियांग्वा.
बासष्ट, युर्लेदिस लिहिते.

परिणाम मोजण्याचं साधन?
नीएवेस कमरेची दोरी सोडते:
प्लायवूडचा तुकडा, त्याला पाच सेंटीमीटरची खाच.
खाचेतून निसटला तो शिंपला परत चिखलात.
गेल्या नाताळात तिनं अर्धी टोपली अशीच ओतून दिली
आणि घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

मग तो प्रश्न येतो.
किती झाडे लावणार?

ओहोटी धक्क्याखालून चुळुकचुळुक निघून जात असते.
पलीकडच्या गावानं दहा हजार लिहिली होती. पैसे आले.
रोपं लावली ओळीनं, शाळेच्या कवायतीसारखी, फोटो निघाले,
तिसऱ्या उधाणाला एकही उभं नव्हतं.
फलक आहे अजून. त्यावर बगळे बसतात.

'पाच हजार टाक. सगळे टाकतात.'
'आणि लावायची कुठे? जंगल आहेच की.'
'त्याला थोडे दिवस आपण नको आहोत, एवढंच.'

वरची खाडी सहा महिने बंद ठेवायची,
तोंडाशी आळीपाळीनं होडी घेऊन बसायचं,
आणि तोवर अकरा चुलींना तांदूळ, तेल, पोरांना वह्या.
हे मागायचंय.
काही न करण्याचे पैसे.
जन्मभर चिखलात घातलेले हात
सहा महिने मांडीवर ठेवण्याचे.
याला अर्जात चौकट नाही.

'शून्य लिही,' दोन्या दिग्ना म्हणते.
'आजी, शून्य लिहिलं की लाल होतं. पुढे जाऊ देत नाही.'
'मग एक लिही.'
'कुठलं एक?'
'माझं. इथं धक्क्यावर सावली नाही बसायला.
बदाम लावीन.'
हसू फुटतं, धुरातून खोकल्यासारखं,
एउफ्रोसिनाचं तर थांबतच नाही.

युर्लेदिस लिहिते: एक.
खाली 'इतर माहिती', तीनशे अक्षरं.
त्यात ती खाडी बसवते, होडीचे पहारे बसवते,
तांदूळ बसवते, वह्या कापते, पुन्हा घालते,
नीएवेसची खाच बसवते,
'आहेस का' बसत नाही.

बॅटरी चार टक्के.
ती बोट टेकवते आणि फोन आभाळाकडे धरते,
जणू कुणी वरून हात घालून घेणार आहे.

'गेलं?'
'फिरतंय अजून.'

बाया उठतात. पहाटे चारला पाणी उतरेल,
खालची खाडी काही बंद नाही, उद्या जावंच लागेल.
दोन्या दिग्ना तेवढी बसून राहते,
धक्क्याच्या कडेची माती अंगठ्यानं दाबून बघत,
ओल किती आहे ते.